एप्रिलचे शहाणे

एप्रिल महिन्यात आपल्या कचेऱ्यांमधून एका साहित्यप्रकाराची प्रचंड निर्मिती होते. त्याला केआरए, म्हणजे 'की रिझल्ट एरिया', म्हणतात. समीक्षकांनी त्याची अजून दखल घेतलेली नाही आणि साहित्य संमेलनात त्यावर परिसंवादही होत नाही. पण हिंजवडीपासून बीकेसीपर्यंत एका पंधरवड्यात जेवढे केआरए लिहिले जातात तेवढ्या कथा सगळे दिवाळी अंक मिळून छापत नसतील. प्रकार कल्पनारम्य असला तरी त्याचे नियम कडक आहेत. पोर्टलवर चार रकाने असतात: उद्दिष्ट, मोजमाप, मुदत आणि वेटेज. वेटेजची बेरीज बरोबर शंभर भरावी लागते. अठ्ठ्याण्णव भरली तर लाल अक्षरं उमटतात आणि सबमिटचं बटण निपचित पडून राहतं. मग माणूस उरलेले दोन टक्के कुठे टाकावेत याचा विचार करतो आणि ते 'टीमवर्क'ला देऊन टाकतो. वर्षभरात शेजारच्या टेबलावरच्या माणसाला जी काही मदत होणार असते, तिचा भाव हा असा ठरतो.

या सगळ्याचं मूळ १९५४ सालच्या एका पुस्तकात आहे. पीटर ड्रकर यांच्या 'द प्रॅक्टिस ऑफ मॅनेजमेंट'मध्ये उद्दिष्टांनुसार व्यवस्थापनाची कल्पना मांडलेली आहे, आणि ती मुळात शहाणपणाची आहे. साहेबाने हाताखालच्याच्या मानगुटीवर बसण्यापेक्षा दोघांनी मिळून काय साधायचं ते ठरवावं आणि मग माणसाला त्याच्या कामावर सोडून द्यावं, एवढंच तिचं म्हणणं. ड्रकरनी या कल्पनेच्या नावाला 'आणि स्वनियंत्रण' अशी पुस्तीही जोडली होती. लांबलचक नावं घाईत म्हटली की शेवटचे शब्द गळतात, तशी ती गळली. राहिलेल्या अर्ध्या भागातून पुढे केआरए, केपीआय, ओकेआर अशी सगळी आद्याक्षरी प्रजा निपजली. उद्दिष्टं ठरवण्याला कोणाही शहाण्या माणसाची हरकत नसावी. भानगड सुरू होते ती त्याच उद्दिष्टाच्या खुंटीला पगारवाढ टांगल्यावर. मार्चमध्ये मग माणसाचं काम मोजलंच जात नाही, मोजलं जातं ते त्याचं एप्रिलमधलं शहाणपण.

हे शहाणपण कसं चालतं ते पाहण्यासारखं आहे. केआरए ठरवण्याची बैठक ही लग्नाच्या याद्यांची बैठक असते. दोन्ही पक्ष हसतमुख, चहा आलेला, 'आपल्यात काय ठरवायचंय, सगळं आपलंच आहे' अशी भाषा, आणि प्रत्येकाच्या डोक्यात एक आकडा ज्याच्या खाली किंवा वर जायचं नाही असं घरून ठरवून आलेलं. साहेबाला वरून पंचवीस टक्के वाढ सांगितलेली असते, म्हणून तो तीस म्हणतो. कर्मचाऱ्याला पंधरा सहज जमेल हे ठाऊक असतं, म्हणून तो आठापासून सुरुवात करतो. बाजार कसा मंद आहे, स्पर्धक कसा भाव पाडतोय, मागच्या वर्षी ती मोठी ऑर्डर कशी केवळ नशिबाने आली, हे तो खालच्या आवाजात सांगतो. हाच माणूस त्याच ऑर्डरबद्दल तीन आठवड्यांपूर्वी मार्चच्या अप्रेझलमध्ये 'माझ्या अथक पाठपुराव्याचं फळ' असं लिहून बसलेला असतो; पण ते वेगळं पोर्टल.

आता समजा, एकाच खात्यात दोघं आहेत. एकाने घासाघीस करून दहा टक्के वाढीचं उद्दिष्ट पदरात पाडून घेतलं आणि बारा टक्के करून दाखवली. दुसरा उत्साही, नुकताच बढती मिळालेला. त्याने साहेबाच्या तीस टक्क्यांना मान डोलावली आणि पंचवीस टक्के करून दाखवली. कंपनीच्या तिजोरीला विचारलं तर दुसऱ्याने पहिल्याच्या दुपटीहून जास्त काम केलंय. पोर्टलला विचारलं तर पहिला 'अपेक्षेपेक्षा सरस' आणि दुसरा 'सुधारणेस वाव'. यात कोणी लबाडी केलेली नाही, कोणी पक्षपात केलेला नाही, गणितही चुकलेलं नाही. पद्धत बिनचूक चालली म्हणूनच हा निकाल लागला. दुसरा माणूस काही मूर्ख नसतो. पुढच्या एप्रिलमध्ये तोही आठापासून सुरुवात करतो, आणि एचआर खातं त्या वर्षीच्या अहवालात लिहितं की उद्दिष्टपूर्तीचं प्रमाण लक्षणीय वाढलं आहे.

यावर ठरलेलं उत्तर असं की दोष पद्धतीचा नाही, उद्दिष्टं नीट लिहिता येत नाहीत त्याचा आहे. त्यासाठी 'स्मार्ट' नावाचं एक सूत्र आहे. १९८१ साली जॉर्ज डोरन यांनी एका व्यवस्थापन मासिकातल्या छोट्या लेखात ते मांडलं, आणि आज त्याची जी रूपं प्रशिक्षणवर्गांत घोकून घेतली जातात त्यांतलं सगळ्यात रुळलेलं असं: उद्दिष्ट नेमकं हवं, मोजता येण्याजोगं हवं, आवाक्यातलं हवं, प्रस्तुत हवं, मुदतबंद हवं. डोरन स्वतः बिचारे सांगून गेले होते की प्रत्येक उद्दिष्टात सगळे गुण असलेच पाहिजेत असं नाही. पण तळटिपा भिंतीवरच्या पोस्टरवर मावत नाहीत. तर हे सूत्र आपण एका खऱ्या प्रकरणाला लावून पाहू.

ऑगस्ट २०१४ मध्ये जनधन योजना सुरू झाली. कोट्यवधी माणसांची बँकेत पहिल्यांदा खाती उघडली गेली, आणि ही गोष्ट मोठीच होती. मग टीका सुरू झाली की खाती उघडली खरी, पण त्यांत पैसे कुठे आहेत? शून्य शिल्लक असलेल्या खात्यांचं प्रमाण खाली आणा, असा धोशा वरून सुरू झाला. आणि ते प्रमाण खरंच झपाझप खाली आलं. कसं आलं ते सप्टेंबर २०१६ मध्ये 'इंडियन एक्सप्रेस'ने शोधून काढलं. सरकारी बँका आणि त्यांच्या ग्रामीण बँका मिळून एक कोटीहून जास्त खात्यांमध्ये नेमका एक रुपया होता. खातेदारांनी पासबुकं भरून घेतली तेव्हा त्यांना कळलं की आपण न भरलेला रुपया आपल्या नावावर आहे. शाखांमधल्या काही अधिकाऱ्यांनी तो भत्त्यांतून आणि शाखेच्या किरकोळ खर्चातून भरला होता. आता सूत्र लावा. उद्दिष्ट नेमकं होतं, मोजता येत होतं, आवाक्यातलं तर इतकं की एका खात्यामागे एक रुपया, योजनेशी प्रस्तुतही होतं आणि मुदतीतही झालं. पाचपैकी पाच गुण. ज्या शाखाधिकाऱ्याने असं न करता गावातल्या एखाद्या मजूर बाईला दर आठवड्याला पन्नास रुपये टाकायची सवय लावली असेल, त्याचं खातं एकच. उद्दिष्टाच्या हिशेबात ते खातं आणि रुपयावालं खातं यांत तसूभर फरक नाही.

बँकवाल्यांना दोष द्यायचं कारण नाही. खिशातला रुपया भरणाऱ्या माणसाला काम चुकवायचं असतं असं थोडंच आहे. उलट त्याने पदरमोड करून काम केलंय. फक्त काम कोणतं, हे त्याला रकान्याने सांगितलं. हाच प्रकार अमेरिकेत घडला तेव्हा तो अर्थातच अमेरिकन मापाने घडला. वेल्स फार्गो या बँकेने प्रत्येक ग्राहकाला आपल्या आठ सेवा विकायचं उद्दिष्ट ठेवलं होतं. आठच का, तर इंग्रजीत 'एट'चं 'ग्रेट'शी यमक जुळतं. हा खुलासा बँकेच्या वार्षिक अहवालातच सापडतो. यमकाच्या पायी शाखांमधल्या माणसांनी ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडली. २०१६ मध्ये साडेअठरा कोटी डॉलरचा दंड झाला, तोवर सुमारे ५३०० जणांना कामावरून काढलेलं होतं, आणि २०२० मध्ये बँकेने तडजोडीपोटी तीन अब्ज डॉलर मोजले. अभंग-ओव्यांनी आपल्याला शतकानुशतकं यमकाची सवय लावली, पण एवढं महागडं यमक आपल्याकडे कोणी जुळवलेलं नाही.

मात्र आपल्याकडे उद्दिष्टाने याहून वाईट केलेलं आहे, आणि त्या ठिकाणी हसू आवरतं घ्यावं लागतं. आणीबाणीत नसबंदीची टार्गेटं जिल्ह्याजिल्ह्याला वाटली गेली. ती तलाठ्यापासून प्राथमिक शिक्षकापर्यंत झिरपली, आणि केसेस आणल्या नाहीत म्हणून शिक्षकांचे पगार अडले. १९७६-७७ या एका वर्षात देशभर ८० लाखांवर शस्त्रक्रिया झाल्या. त्यांत म्हातारे होते, अविवाहित होते, काय चाललंय ते न कळलेले होते. आकड्यात ते सगळे सारखेच धरले गेले. कुटुंबनियोजनातली टार्गेटं केंद्र सरकारने देशभर मागे घेतली ती एप्रिल १९९६ मध्ये. म्हणजे टार्गेटने काय होतं हे कळून ते काढून टाकायला आपल्या प्रशासनाला वीस वर्षं लागली. तेव्हा एखाद्या खासगी कंपनीचं एचआर खातं तीन वर्षांत शहाणं झालं नाही तर फार मनावर घेऊ नये.

एवढी टोकाची उदाहरणं देऊन काय उपयोग, आमच्या कचेरीत असलं काही चालत नाही, असंही कोणी म्हणेल. बरोबर आहे, तिथे बारीकसारीक चालतं. हेल्पडेस्कचं घ्या. तक्रार चार तासांत बंद झाली पाहिजे हा केआरए. तुमचा प्रिंटर चालत नाही, तुम्ही दहा वाजता तक्रार नोंदवता. एक वाजून पन्नास मिनिटांनी ईमेल येते: तुमची तक्रार सोडवली आहे, अडचण कायम असल्यास कृपया नवीन तक्रार नोंदवा. प्रिंटर होता तसाच बसलेला आहे, तक्रार मात्र सुटली. तुम्ही नवीन नोंदवता. महिन्याअखेरीस हेल्पडेस्कच्या खात्यावर एका नादुरुस्त प्रिंटरपोटी सोडवलेल्या पाच तक्रारी जमा होतात, आणि ज्या तंत्रज्ञाने खाली वाकून, पाठीमागचं झाकण काढून, अडकलेला कागद दोन बोटांनी ओढून काढला त्याच्या नावावर एक. त्याला त्या कामात साडेचार तास लागले असतील तर ती एकही मुदतीबाहेरची.

शिवाय नशीब नावाची चीज पोर्टलवर कुठेच नसते. एडवर्ड्स डेमिंग या संख्याशास्त्रज्ञाने त्यावर एक प्रहसनच रचलं होतं. आपल्या शिबिरात ते श्रोत्यांतूनच सहा 'कामगार' बोलावत. एका खोक्यात ३२०० पांढरे आणि ८०० लाल मणी, आणि हातात पन्नास खळगे असलेलं एक फावडं. खोक्यात बुडवून वर काढायचं. पांढरे मणी म्हणजे चांगला माल, लाल म्हणजे खराब. मुकादम स्वतः डेमिंग. ज्याच्या फावड्यात सहा लाल आले त्याचं कौतुक, पगारवाढ. ज्याच्या फावड्यात पंधरा आले त्याला सगळ्यांदेखत झाप, 'एवढं दाखवूनही कळत नाही का' या सुरात. दुसऱ्या दिवसाच्या फेरीत कौतुकवाल्याच्या फावड्यात तेरा येतात, तेव्हा मुकादम खेदाने म्हणतो की बक्षीस याच्या डोक्यात गेलं. झाप खाल्लेल्याच्या फावड्यात आठ आले की, बघा, बोलल्याचा परिणाम झाला. श्रोते पोट धरून हसत. मग त्यांच्या लक्षात येई की आपण घरी जाऊन सोमवारपासून हेच करणार आहोत. पावसाने दगा दिला म्हणून विदर्भातला ट्रॅक्टरविक्रेता कच्चा ठरतो आणि महामार्गाला जमीन गेलेल्यांच्या हाती पैसा आला म्हणून दुसऱ्या तालुक्यातला त्याचाच सहकारी 'स्टार परफॉर्मर' होतो, त्याचा फोटो कॉन्फरन्समध्ये झळकतो आणि त्याला यशाचं रहस्य विचारलं जातं. तो सांगतोही. बिचारा काय करील, माईक हातात दिल्यावर?

या पद्धतीच्या बाजूने खरोखर वजनदार पुरावा आहे आणि तो टाळून चालणार नाही. रॉबर्ट रॉजर्स आणि जॉन हंटर यांनी १९९१ मध्ये उद्दिष्टांनुसार व्यवस्थापनावरच्या ७० अभ्यासांचा एकत्रित धांडोळा घेतला. त्यांपैकी ६८ ठिकाणी उत्पादकता वाढलेली होती. एवढं यश डॉक्टरांच्या औषधांनाही सहसा मिळत नाही. पण त्याच अभ्यासात दुसरा एक आकडा आहे जो प्रशिक्षणवर्गात दाखवत नाहीत. जिथे वरचे साहेब स्वतः या कामात मनापासून उतरले तिथे सरासरी वाढ ५६ टक्के. जिथे त्यांनी ते खालच्यांवर सोपवून दिलं तिथे ६ टक्के. उद्दिष्टाबद्दल साहेब बोलायला बसतो, ऐकतो, मधल्या अडचणी काढून टाकतो, तेव्हा काम वाढतं, असाच याचा अर्थ लागतो. वर्षातून एकदा पाचपैकी तीन गुण दिल्याने वाढतं असं त्या ७० अभ्यासांतून निघत नाही. संस्थेला पुढे नेण्यासाठी उद्दिष्ट चांगलं, यावरून अमुक माणूस तमुकापेक्षा सरस हे ठरवायलाही तेच चांगलं, ही उडी मधली पायरी नसताना मारलेली आहे.

आणि ड्रकरनी तर ही उडी मारूच नका असं जवळजवळ सांगितलं होतं. त्या १९५४च्या पुस्तकात त्यांनी जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या फिरत्या हिशेब तपासनिसांचं कौतुक केलंय. हे तपासनीस प्रत्येक विभाग वर्षातून एकदा पिंजून काढत, आणि त्यांचा अहवाल जाई तो त्याच विभागाच्या प्रमुखाकडे. वरिष्ठांकडे नाही! म्हणजे मोजमाप हवंच, पण ज्याचं काम त्याच्या हातात, त्याला स्वतःला सुधारता यावं म्हणून. आपल्याकडे असा तपासनीस आला तर पहिल्याच दिवशी विचारेल की 'सीसी कोणाला ठेवू?' पुढे याच जनरल इलेक्ट्रिकमध्ये जॅक वेल्श आले आणि त्यांनी तळाचे दहा टक्के दरवर्षी वगळायची रीत पाडली, हाही इतिहासाचा एक विनोदच.

सगळ्यात मोठा आक्षेप मात्र याहून जवळचा, आपल्या मातीतला आहे. मोजमाप सोडलंत तर उरतं काय? साहेबाची मर्जी. साहेबाच्या गणपतीला कोण जातं, गावाकडून आंब्याची पेटी कोणाची येते, कोण कोणाचा पाहुणा, यावर माणसं वर चढलेली आपण पिढ्यान् पिढ्या पाहिली आहेत. सरकारी गोपनीय अहवालाची दहशत ज्यांनी अनुभवली त्यांना केआरएचा आकडा म्हणजे लोकशाहीच वाटते. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका अभियंत्याच्या प्रकरणाचा निकाल दिला. त्याच्या गोपनीय अहवालात एका वर्षी 'चांगला' असा शेरा होता आणि तो त्याला कोणी कळवलाच नव्हता, कारण वाईट शेरे कळवायचे असतात आणि 'चांगला' हा काही वाईट शेरा नाही. पण बढतीसाठी पाचही वर्षं 'अति चांगला' लागत होतं, म्हणून त्या एका 'चांगला'ने त्याची बढती गेली. न्यायालयाने सांगितलं की प्रत्येक शेरा माणसाला कळवलाच पाहिजे. तेव्हा जुनी पद्धत परत आणा, असं कोणी म्हणत असेल तर त्याने आधी हे प्रकरण वाचावं.

पण केआरएने मर्जी हद्दपार केली, हेही खरं नाही. तिचा फक्त पत्ता बदलला. कोणाला दहाचं उद्दिष्ट मिळतं आणि कोणाला तीसचं, कोणाला पुण्यातला वसलेला भाग आणि कोणाला नवा कोरा तालुका, हे एप्रिलमध्ये साहेबच ठरवतो. मार्चमध्ये तो हात झटकून मोकळा: मी काय करू, आकडेच बोलतात. त्यातून आकडे साहेबाच्या मनासारखे बोललेच नाहीत तर त्यांना समजावायला बेल कर्व्ह असतो. खात्यात दहाच्या दहा माणसांनी उद्दिष्ट पुरं केलं तरी वर दोन, मध्ये सात आणि खाली एक अशीच मांडणी करायची. मग बंद खोलीत चार मॅनेजर बसतात आणि 'तुझा एक खाली घे, मी माझा एक घेतो' अशी देवघेव चालते. खाली जातो तो बहुधा नुकताच दुसऱ्या खात्यातून आलेला किंवा नोटीस पिरियडवर असलेला. बाळंतपणाच्या रजेवरून परतलेली बाईही, कारण तिच्या केआरएचे सहा महिने रिकामे दिसतात. मायक्रोसॉफ्टने अशी सक्तीची उतरंड २०१३ मध्ये सोडली, इन्फोसिसनेही २०१५ च्या सुमारास ती बाजूला ठेवली. बाकीच्यांकडे ती कर्व्ह हा शब्द न उच्चारता चालते. जुना साहेब अन्याय करायचा तेव्हा निदान त्याला शिव्या देता यायच्या. पोर्टलवरच्या दशांशाला शिव्या कशा देणार?

मग करायचं काय? उपाय नवा नाही आणि गुंतागुंतीचा तर मुळीच नाही. उद्दिष्टं ठेवा, दर महिन्याला त्यांवर बोला, अवघड उद्दिष्ट हुकलं तर का हुकलं ते एकत्र बसून पाहा. पण पगारवाढीचा कागद त्या टेबलावर आणू नका. गुगलला ओकेआरची दीक्षा १९९९ मध्ये देणारे जॉन डोअर यांनीही आपल्या पुस्तकात हीच फारकत सुचवली आहे. पैसा तर वाटावाच लागतो, तो कसा वाटायचा? साहेबाने ठरवायचा. वर्षभर माणसाला पाहिलंय, त्याच्या भागातला दुष्काळ ठाऊक आहे, प्रिंटरमागे तो वाकला होता हेही पाहिलंय, तर मग साहेबाने चार वाक्यांत आपलं मत लिहावं, कारणं द्यावीत, खाली सही करावी, ते कागद त्या माणसाच्या हातात द्यावेत, आणि वरच्या साहेबाने ते तपासावेत. ही मर्जीच झाली, असं म्हणाल. झाली. पण ती उघड्यावर आली, तिला नाव आणि सही लागली, आणि तिच्याशी भांडता येतं.

याला सगळ्यात जोराचा विरोध कर्मचाऱ्यांकडून होणार नाही. तो साहेबांकडून होईल, कारण आकडा निवडायला एक क्लिक लागतं आणि चार खरी वाक्यं लिहायला त्या माणसाकडे वर्षभर लक्ष द्यावं लागतं. तशी सोय पोर्टलवर आजही आहे. अगदी तळाशी, वेटेजच्या बेरजेखाली, 'मॅनेजरचा अभिप्राय' असा एक रकाना असतो. तो सक्तीचा असल्यामुळे रिकामा ठेवता येत नाही. त्यात बहुतेकदा 'गुड. कीप इट अप' असं लिहिलेलं असतं, आणि मागच्या वर्षीचा फॉर्म उघडून पाहिला तर तिथेही तेच. त्याच्या शेजारी कर्मचाऱ्याच्या उत्तरासाठी रकाना असतो, आणि त्यात लिहिलेलं असतं, 'नोटेड सर, थँक यू.'